ऐन लग्नसराईत पीसी निळा पडतोय, विंडोज सुरूच होईना (सांगली)

पत्रिकावाला | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. आजवर इथं नुसता वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

गणपती पेठेच्या मागच्या बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, हँडबिलं. हल्ली तासगावकडचे बेदाणावाले बॉक्सवर लावायला बारकोडची स्टिकरं मागतात, म्हणून शनिवारी एक लेबल प्रिंटर घेतला. सोबत सीडी दिली होती, पण माझ्या पीसीला सीडी ड्राइव्हच नाही. मग नेटवर शोधाशोध केली आणि एक फुकटचं ड्रायव्हर अपडेटर सापडलं. (ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरसारखं यंत्र विंडोजशी जोडून देणारा छोटा प्रोग्राम.) त्यानं सांगितलं, तुमचे १४ ड्रायव्हर जुने झालेत. खाली मोठं हिरवं बटण होतं. दाबलं.

रिस्टार्ट केला तो केलाच. विंडोजचा लोगो येतो, ठिपके गोल फिरतात, मग निळा पडदा आणि तो रडका चेहरा. वाचेपर्यंत परत रिस्टार्ट. दोन-तीनदा असं झालं की ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ येतं, तेही हात वर करतं.

कॉलेज कॉर्नरचा एक पोरगा बघून गेला. म्हणाला, "काका, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागंल, ८०० रुपये." तीन पत्रिकांचं मॅटर डेस्कटॉपवर आहे, बॅकअप नाही. (शिव्या घालायच्या असतील तर नंतर घाला.) एक लग्न येत्या रविवारी हरिपूरला आहे.

पीसी: आय५ चौथी पिढी, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, विंडोज १०. ग्राफिक्स कार्ड वेगळं, जुनंच आहे.

---

काडीपेटी | सोमवार, रात्री ९.५८

लिनक्स टाका.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.१५

रॅम काढा, सोनेरी कडा खोडरबरानं घासा, परत बसवा. माझा पीसी असाच अडला की मी हेच करतो, आजवर कधी दगा नाही. २०१९ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत निम्म्या पीसींना हेच औषध लागलं होतं.

---

सज्जनगड | सोमवार, रात्री १०.४०

पत्रिकावाले, आधी ते फॉरमॅट थांबवा. मी साताऱ्यात एका कारखान्यात ६० पीसी सांभाळतो. ‘अपडेट केलं आणि निळा पडला’ ही महिन्यातून एकदा येणारी केस आहे. विंडोज उडालेलं नाही. चौदातला कुठला तरी एक ड्रायव्हर सुरू होताना कोसळतोय आणि सगळ्यांना घेऊन बसतोय. तो कोण, एवढंच शोधायचंय.

पण त्याआधी तुमचं मॅटर बाहेर काढू, म्हणजे तुम्हाला झोप लागेल.

रिपेअरचा जो पडदा येतो तिथं ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ट्रबलशूट, परत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. काळी खिडकी उघडेल. तिथं नोटपॅड असं टाइप करून एंटर मारा. (देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीत करायचं, हे सांगायला नको.) साधं नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, ओपन करा आणि खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’च्या जागी ‘ऑल फाइल्स’ निवडा. ही ओपनची खिडकीच आता तुमचं माय कॉम्प्युटर. पेन ड्राइव्ह लावा, डेस्कटॉपवरचं फोल्डर राइट क्लिक करून कॉपी, पेन ड्राइव्हमध्ये पेस्ट. कॉपी चालू असताना पुढं सरकणारी पट्टी वगैरे दिसेलच असं नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते. हात लावू नका.

इथं ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. तुमचा सी कदाचित डी म्हणून दिसेल. घाबरू नका.

कृष्णाकाठकाका, खोडरबर चुकीचं नाही, पण रॅमची खोड वेगळी असते. रॅम खराब असेल तर निळ्या पडद्यावरचं कारण दर वेळी बदलतं. आज एक नाव, उद्या दुसरं. दर वेळी तेच कारण आणि तीच फाइल येत असेल तर रॅमवर संशय घेऊ नये. इथं तर कधी बिघडलं तो क्षणच माहीत आहे.

---

निनाद७ | सोमवार, रात्री १०.४४

नोटपॅडची युक्ती भारी. वाचनखूण साठवली.

---

पत्रिकावाला | मंगळवार, रात्री १२.३५

सज्जनगडदादा, तुमच्या तोंडात साखर पडो! पंचेचाळीस मिनिटं लागली. तिन्ही पत्रिका आणि जुनं ‘नमुने’ फोल्डर पेन ड्राइव्हवर आलं. माझा सी तिथं खरंच डी होऊन बसला होता, क्षणभर पोटात गोळा आला.

आता झोपतो. सकाळी पुढचं सांगा.

---

सज्जनगड | मंगळवार, सकाळी ८.०५

छान. आता चोर पकडू.

परत त्याच वाटेनं ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सपर्यंत या, पण या वेळी ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि मग रिस्टार्ट. नऊ पर्यायांची यादी येईल. त्यात ९ दाबा. कोसळल्यावर आपोआप रिस्टार्ट करू नकोस, असा त्याचा अर्थ. म्हणजे निळा पडदा जाग्यावर थांबेल. स्टॉप कोडच्या (कोसळण्याचं कारण सांगणाऱ्या ओळीच्या) खाली ‘व्हॉट फेल्ड’ अशी ओळ आणि पुढं एका फाइलचं नाव असेल, शेवटी डॉट सिस. तेवढं टिपून घ्या.

तरीही पडदा थांबलाच नाही तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि नंतर एकेक फ्रेम पुढं सरकवत बघा. मी सहा वर्षं हेच करतोय. कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

मग दुसऱ्यांदा त्याच यादीत येऊन ४ दाबा, सेफ मोड, म्हणजे गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन उठणारं विंडोज. तो सुरू होतो का एवढं फक्त सांगा. आत जाऊन काही करू नका.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ९.२०

विंडोज ७ ला एफ८ दाबलं की मिळायचं हे सगळं. शिवाय त्यात ‘लास्ट नोन गुड’ म्हणून पर्याय होता, तो दाबला की निम्मी दुखणी बरी व्हायची. बरं चाललेलं काढून टाकायची ही कसली हौस?

---

बिट_बाय_बिट | मंगळवार, सकाळी ९.४५

काका, एफ८ काढलं कारण विंडोज ८ पासून सुरुवात इतकी झपाट्याची झाली की ती कळ दाबायला फटच उरली नाही. हवं असेल तर बूट मेनूचं धोरण ‘लेगसी’ करून एफ८ परत आणता येतं, बीसीडीएडिट नावाच्या कमांडनं. मी आईबाबांच्या पीसीवर करून ठेवलंय. फोनवरून सांगायला बरं पडतं.

पत्रिकावाले, सिस्टिम रिस्टोअर (विंडोज आधीच्या एखाद्या दिवशी होतं तसं परत करणं) बघितलंत का? त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आहे. शनिवारचा पॉइंट असेल तर दहा मिनिटांत मोकळे.

---

पत्रिकावाला | मंगळवार, दुपारी १.१०

रिस्टोअर पॉइंट एकही नाही. प्रोटेक्शन ऑफच होतं म्हणे. मी कधी चालू केलंच नव्हतं.

९ दाबून पडदा थांबला. ‘सिस्टिम थ्रेड एक्सेप्शन नॉट हँडल्ड’. खाली एक फाइल, नाव वाचून कुठल्या कंपनीची तेही कळेना. प्रिंटरचं तर नक्कीच नाही. दोनदा केलं, दोन्हीदा तेच नाव.

सेफ मोड सुरू झाला! चारी कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ लिहिलेलं, चित्र गचाळ, पण सुरू झाला. आता माझी एक चूक कबूल करतो. तुम्ही काही करू नका म्हणाला होतात, पण राहवलं नाही. वाटलं ग्राफिक्स कार्डच असणार, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्याचा ड्रायव्हर काढून टाकला. प्रिंटरचाही काढला. रिस्टार्ट केला, परत निळा. तोच कोड, तीच फाइल.

---

काडीपेटी | मंगळवार, दुपारी १.१५

लिनक्स टाका म्हटलं होतं.

---

मिरजेची_तार | मंगळवार, दुपारी २.३०

धाग्यात मध्येच घुसते, माफ करा. आमच्या शाळेच्या लॅपटॉपचं असंच झालंय, फक्त तिथं सेफ मोडसुद्धा निळा पडतो. कोड ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. कुणी तरी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) जाऊन काही बदललं, एवढं कळलंय. कुणी ते अर्थातच कुणी सांगत नाही. एसएसडी मेली का?

---

बिट_बाय_बिट | मंगळवार, दुपारी ३.५०

ताई, एसएसडी बहुतेक ठणठणीत आहे. तुमची आणि पत्रिकावाल्यांची केस शेजारी ठेवली तर दोन्ही नीट कळतात, म्हणून जरा लांबण लावतो.

वर्ड कोसळला तर वर्ड मरतो, बाकी घर चालू राहतं. ड्रायव्हर तसा ओसरीवर बसलेला पाहुणा नसतो, तो थेट माजघरात, कर्नलच्या (विंडोजच्या गाभ्याच्या) मेमरीत बसतो. तिथं त्यानं भलत्या जागी हात घातला की विंडोज मुद्दाम सगळं जागच्या जागी थांबवतं, कारण पुढं चालू ठेवलं तर डिस्कवरच्या फायलींची वाट लागेल. निळा पडदा म्हणजे तो थांबा.

आता सुरुवातीचा क्रम. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची वहीच ती) प्रत्येक ड्रायव्हरच्या नावे ‘स्टार्ट’ म्हणून एक आकडा असतो. ० असेल तर कर्नल जागा व्हायच्या आधी लोडरच त्याला मेमरीत आणून ठेवतो: डिस्क, कंट्रोलर, फाइल सिस्टिम असली मंडळी. १ म्हणजे कर्नल उठताना, २ म्हणजे त्यानंतर आपोआप, ३ म्हणजे गरज पडेल तेव्हा, ४ म्हणजे बंद.

सेफ मोडकडं परवानगी असलेल्यांची एक यादी असते, बाकीच्यांना तो दारातच अडवतो. पण ० वाल्यांना लोडर ती यादी न बघताच आत घेतो, कारण त्यांच्याशिवाय डिस्कच वाचता येणार नाही असं तो धरून चालतो. म्हणून:

पत्रिकावाल्यांचा चोर सेफ मोडमध्ये अडवला जातो, म्हणजे तो ० वाला नाही. सोपी केस.

ताईंचा घोटाळा ० वाल्यांत आहे, म्हणून सेफ मोडही पडतो. ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये डिस्क कशी हाताळायची ते ठरवणारा व्हीएमडी नावाचा पर्याय असतो. जुन्यात रेड आणि एएचसीआय अशी निवड असते. विंडोज टाकताना जे होतं ते नंतर बदललं की विंडोज ज्या ड्रायव्हरनं डिस्क शोधतं तो गैरलागू होतो आणि दुसरा चालू नसतो. बायोसमध्ये जाऊन ते होतं तसं परत करा. झालं.

मुद्दाम बदलायचंच असेल तर क्रम वेगळा: आधी पुढचा बूट सेफ मोडमध्ये होईल असं बीसीडीएडिटनं नेमून ठेवायचं, मग बायोस बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्यायचं आणि नेमणूक काढून टाकायची. त्या एका फेरीत विंडोज नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर जागा करून घेतं.

---

मिरजेची_तार | मंगळवार, दुपारी ४.२०

बायोसमध्ये बदल परत केला. निळं गेलं, पण आता वेगळंच. ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागतोय, ४८ आकडी. आम्ही असलं काही लावलेलंच नाही.

---

बिट_बाय_बिट | मंगळवार, दुपारी ४.३५

तुम्ही लावलं नसेल, लॅपटॉपनं स्वतः लावलंय. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं पहिल्यांदा लॉग-इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन गुपचूप चालू होतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. बायोसला हात लागला की तो हुशार होतो आणि किल्ली मागतो. पहिल्या दिवशी ज्यांच्या ई-मेलनं लॅपटॉप सुरू केला ते कोण, ते आठवा. पडद्यावर किल्लीचा ओळख क्रमांक दिसतो, खात्यात तो जुळवून बघायचा.

बाकीच्यांसाठी: बायोसला किंवा स्टार्टअपला हात घालायच्या आधी ही किल्ली कागदावर लिहून ठेवा. किल्ली नाही तर नोटपॅडची युक्तीही नाही, आतलं काही दिसतच नाही.

---

सज्जनगड | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

पत्रिकावाले, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर काढलात ते मनाला लावून घेऊ नका, सगळे आधी त्याच्याच मानगुटीवर बसतात. पण पडद्यावर नाव आलं असताना दुसऱ्याला धरायचं नाही.

सेफ मोडमध्ये जा. विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स. तिथं ती फाइल शोधा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. वर्णन, कॉपीराइट, तारीख, जे दिसेल ते इथं लिहा. कंपनीचं नाव नको, कशाचं आहे ते सांगा.

फाइल डिलीट करू नका. पुन्हा सांगतो, डिलीट नाही.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

का बरं? १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगात पीसी निळे पडले होते, ते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचं प्रकरण. ८५ लाख मशिनं. आपल्याकडं विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, पेपरात फोटो होता. त्या वेळी तर उपाय हाच होता, सेफ मोडमध्ये जा आणि फाइल उडवा. माझ्या भाच्यानं बेंगळुरूत दोन दिवस तेवढंच केलं.

---

सज्जनगड | मंगळवार, संध्याकाळी ७.०५

काका, चांगलं आठवलंत. त्या फायलीचं शेपूट डॉट सिस होतं, पण ती ड्रायव्हर नव्हती. ड्रायव्हरला वाचायला दिलेला माहितीचा तुकडा होता, २९१ क्रमांकाची चॅनेल फाइल. तो तुकडा वाचताना खरा ड्रायव्हर कोसळायचा. तुकडा उडवला की ड्रायव्हरला वाचायला काही नाही, मशीन सुरू. भाच्याला दोन दिवस लागले ते यामुळं की हे दुरून करता येत नव्हतं, बहुतेक मशीनपुढं माणूस बसवावा लागला. वर बिटलॉकर असेल तर ४८ आकडे.

खरा ड्रायव्हर उडवण्यात धोका असा: काही ड्रायव्हर दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेले असतात. ‘अप्पर फिल्टर’ म्हणतात. कीबोर्ड, डिस्क यांच्या यादीत त्यांचं नाव नोंदलेलं असतं. फाइल गेली आणि नोंद राहिली की विंडोज त्या कीबोर्डलाच उभं करत नाही. आमच्याकडं एकानं असंच केलं, दुसऱ्या दिवशी पासवर्ड टाकायला कीबोर्डच नाही. डिस्कच्या यादीतलं नाव असेल तर ताईंचा कोड बघायला मिळतो.

---

निनाद७ | मंगळवार, रात्री ८.३०

ड्रायव्हर व्हेरिफायर चालवा ना, दोषी कोण ते तोच सांगतो.

---

बिट_बाय_बिट | मंगळवार, रात्री ८.४२

नाव मिळालेलं असताना नको. व्हेरिफायर ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन त्याला पाडतो. आधीच सुरू न होणाऱ्या पीसीवर लावला तर अजून एक चक्र. ज्यांनी लावून ठेवलाय आणि अडकलेत त्यांच्यासाठी: सेफ मोडमध्ये कमांड प्रॉम्प्टला व्हेरिफायर, स्पेस, स्लॅश रिसेट.

---

पत्रिकावाला | मंगळवार, रात्री ११.२०

सापडला! आणि कुठं सापडला म्हणाल तर माझ्याच सीपीयूच्या मागच्या बाजूला.

डोंगल. मराठी डीटीपीचं जे जुनं सॉफ्टवेअर मी वापरतो त्याचं हिरवं यूएसबी डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), आठ वर्षं एकाच पोर्टात. त्यावर एवढी धूळ की यूएसबी आहे हे विसरलो होतो. डिटेल्समध्ये लिहिलंय, हार्डवेअर की ड्रायव्हर. आणि तारीख बघा: २००९! आठ वर्षांपूर्वी बसवताना मी त्याहून नवा टाकला होता, त्याची सीडी अजून आहे. म्हणजे अपडेटरनं ‘अपडेट’ म्हणून काढलाय नवा आणि बसवलाय जुना.

लगेच डोंगल उपसलं, रिस्टार्ट केला, परत निळा. हे काय?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ करूनही हे नाव कुठं दिसत नाही. ‘रोल बॅक’ (आधीचा ड्रायव्हर परत आणणं) कुणाचं करू?

---

सज्जनगड | बुधवार, सकाळी ७.५०

पाहुणा गेला म्हणून त्याची खाट उचलली जात नाही. डोंगलसोबत दोन गोष्टी येतात. एक यूएसबीचा ड्रायव्हर, तो डोंगल लावल्यावर जागा होतो. दुसरा सेवा म्हणून नोंदलेला, तो डोंगल असो वा नसो, विंडोज उठताना उठतो. तुमचा दुसरा कोसळतोय. असले ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्ये विंडोज ७ पर्यंत दिसायचे, विंडोज ८ पासून ती यादीच काढली. म्हणून तुम्हाला दिसत नाही.

सेफ मोड, कमांड प्रॉम्प्ट, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. मग लिहायचं: एससी, स्पेस, कॉन्फिग, स्पेस, त्या सेवेचं नाव, स्पेस, स्टार्ट आणि बरोबरचं चिन्ह चिकटून, मग एक स्पेस, डिसेबल्ड. बरोबरच्या चिन्हाआधी स्पेस नाही, नंतर हवी. यात माणसं अर्धा तास घालवतात.

सेवेचं नाव फायलीच्या नावासारखंच असेल असं नाही. रजिस्ट्री एडिटरमध्ये सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस इथं जाऊन फायलीचं नाव शोधा. ‘इमेज पाथ’मध्ये ते सापडेल, ज्या फोल्डरखाली सापडेल ते सेवेचं नाव.

यानं बिटभाऊंचा तो आकडा ४ होतो. फाइल जाग्यावर, नोंद जाग्यावर, फक्त उठवायचं नाही. चुकलं तर परत पहिला आकडा ठेवायचा, म्हणून आधी तो लिहून घ्या.

---

बिट_बाय_बिट | बुधवार, सकाळी ८.१०

+१. आणि ज्यांना सेफ मोडही मिळत नाही त्यांना हेच रिपेअरच्या कमांड प्रॉम्प्टमधून करता येतं. तिथं रेजएडिट उघडलं की दिसते ती रिपेअरची स्वतःची रजिस्ट्री, तुमची नव्हे. तुमच्या विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२, कॉन्फिगमधली ‘सिस्टिम’ नावाची फाइल ‘लोड हाइव्ह’नं आत घ्यायची. त्यात ‘करंट कंट्रोल सेट’ नसतं, ००१ वगैरे असतं. कुठलं चालू आहे ते ‘सिलेक्ट’मध्ये लिहिलेलं असतं. बदल करून ‘अनलोड हाइव्ह’. तिथली एक चूक महागात पडते, तेव्हा आधी त्या फायलीची एक प्रत बाजूला ठेवा.

---

पत्रिकावाला | बुधवार, दुपारी १२.०५

सुरू झाला!!!

बायकोला दुकानात बोलावून दाखवला. ती म्हणाली, "नेहमीचाच तर आहे." तिला काय सांगणार.

आकडा २ होता, वहीत लिहिलाय. ४ केल्यावर पहिल्याच झटक्यात डेस्कटॉप आला. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर विंडोजनं स्वतःच परत टाकून घेतला.

आता पुढचं रडगाणं. डीटीपीचं सॉफ्टवेअर उघडलं तर ‘डोंगल सापडले नाही’. साहजिक आहे. पण सगळं जुनं मॅटर त्याच्याच फाँटात आहे. दुसरीकडं उघडलं तर ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते.

---

सज्जनगड | बुधवार, दुपारी १२.५०

अभिनंदन. अपडेटर आधी काढून टाका, डोंगल अजून लावू नका.

डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर विंडोज १० साठी ‘रनटाइम’ (डोंगल चालवणाऱ्या ड्रायव्हरांचा संच) मिळतो का बघा. डीटीपीवाल्या कंपनीचं नव्हे, डोंगल कंपनीचं. बहुतेकांना हा फरक माहीत नसतो. आधी जुना ‘ॲड ऑर रिमूव्ह’मधून पूर्ण काढायचा, रिस्टार्ट, मग नवा टाकायचा, पुन्हा रिस्टार्ट, मग डोंगल. क्रम मोडू नका. आणि यांतलं काही करण्याआधी सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून एक रिस्टोअर पॉइंट घ्या.

---

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १.३०

बाकीच्या तेरा ड्रायव्हरांचं काय करायचं? तेही त्याच अपडेटरचे ना?

---

सज्जनगड | बुधवार, दुपारी २.००

माझं मत, जो त्रास देत नाही त्याच्या वाटेला जाऊ नये.

---

बिट_बाय_बिट | बुधवार, दुपारी २.२५

माझं मत वेगळं. ज्यानं एका ठिकाणी २००९ चा टाकला त्यानं बाकी तेरा ठिकाणी काय दिवे लावलेत कुणास ठाऊक. निदान आवाज, नेटवर्क आणि चिपसेटच्या तारखा बघून घ्या आणि रोल बॅक बटण चालू असेल तर वापरा. एकेक करायचा, दर वेळी रिस्टार्ट. चौदा एकदम केल्यामुळंच तर हे सगळं झालं.

बाकी चौथ्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, इंटेलमध्ये ती आठव्या पिढीपासून सुरू होते. आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरा पीसी घ्याल तेव्हा हा नेटपासून तोडून फक्त डोंगलसाठी ठेवा. आमच्या ओळखीचे एक छापखानेवाले विंडोज ७ चा एक डबा केवळ याच कामाला ठेवून आहेत, वर गणपतीचा फोटो.

---

काडीपेटी | बुधवार, दुपारी २.३१

डोंगल लिनक्सवर चालत नाही हे मान्य. या धाग्यापुरता माझा सल्ला मागे.

---

पत्रिकावाला | गुरुवार, रात्री १०.४५

नवा रनटाइम टाकला, सांगितलेल्या क्रमानंच. डोंगलचा लाल दिवा लागला आणि सॉफ्टवेअर उघडलं. हरिपूरची पत्रिका आज संध्याकाळी छापून दिली, २५० प्रती. मुलाचे वडील म्हणाले, वार चुकलाय. काळजाचं पाणी झालं. बघितलं तर त्यांनीच दिलेल्या चिठ्ठीत चुकलेला होता. दुरुस्त करून पुन्हा छापली, कागदाचे पैसे निम्मे-निम्मे.

आवाजाचा आणि नेटवर्कचा ड्रायव्हर रोल बॅक केला, बाकीचे सोडून दिले. लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवला, चार मिनिटांत बसला. शनिवारी हेच केलं असतं तर चार दिवस वाचले असते.

सज्जनगडदादा, बिटभाऊ, सांगलीला आलात तर भडंग माझ्याकडून. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

---

मिरजेची_तार | शुक्रवार, सकाळी ११.१५

आमचीही किल्ली सापडली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या ई-मेल खात्यात होती. सरांना पासवर्ड आठवेना, तो त्यांच्या नातीला पाठ होता. ४८ आकडे फोनवर उतरवून घेतले, तिसऱ्या खेपेला बरोबर लागले. लॅपटॉप सुरू आहे, किल्ली आता ऑफिसच्या आवक-जावक वहीत पहिल्या पानावर आहे.

बायोसमध्ये कोण गेलं होतं ते अजूनही कुणी सांगत नाही.